सगुणाआत्याचे सेल

वीज साठवून ठेवता येते ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच नवी नव्हती. आण्णा, म्हणजे माझे वडील, दौंडच्या रेल्वेत डब्यांमधल्या दिव्यापंख्यांचं काम बघत. डब्याच्या पोटाखाली पेट्यांमधून जड बॅटऱ्या टांगलेल्या असत. गाडी पळायला लागली की त्या भरत आणि गाडी उभी राहिली की त्यांच्यावर दिवे चालत. त्यांतलं ॲसिड आण्णांच्या झाडून सगळ्या पँटींवर पोचलेलं होतं. आई म्हणायची, ह्यांच्या पँटी शिवायच्या नसतात, नुसती भोकं एकमेकांना जोडायची असतात. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे यार्ड, आणि यार्डात दिवसभर डबे एकमेकांवर आपटायचे. नवीन आलेला पाहुणा प्रत्येक आवाजाला दचकायचा. आम्ही मात्र आवाज थांबला की मान वर करून बघायचो. घरात बोलणं सगळं वरच्या पट्टीत. आई बोंबलाची चटणी वाटताना शेजारणीशी भिंतीपलीकडे बोलायची आणि ते आम्हाला भांडण वाटायचं नाही.

अकरावीला मी शिरूरला गेले. क्वार्टरमध्ये आम्ही पाच भावंडं, अभ्यासाला कोपरा नव्हता, आणि शिरूरला आण्णांचे थोरले भाऊ आप्पा आणि धाकटी बहीण सगुणाआत्या एवढी दोनच माणसं होती. आप्पा मार्केट यार्डात तोलणार, म्हणजे माल तोलून देणारे, होते. बायको वारल्यापासून ते कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते आत्याला ऐकू जायचं नाही, म्हणून तेही हळूहळू सोडून दिलेलं. आत्या ओसरीवर शिवणकाम करायची. ब्लाउज, परकर, शाळेचे सदरे, आणि जयंतीच्या आधी महिनाभर निळे झेंडे. लहानपणी तिचे दोन्ही कान वाहिले, त्यावर कुणी गरम तेल घातलं, कुणी लसणीच्या पाकळ्या, आणि नवव्या-दहाव्या वर्षी ऐकू येणं जवळजवळ बंद झालं. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर तिला कळायचं. पण रोज उठून ओरडायला कुणाला वेळ होता? लोक तिच्याशी बोलण्यापेक्षा तिच्यासमोर बोलत. गिऱ्हाईक बायका तिच्या तोंडावर तिचं वय काढायच्या, लग्न का जमलं नाही ते एकमेकींना सांगायच्या, आणि ती मान खाली घालून मशीन चालवायची. तिशी जवळ आली होती तिची.

कानाचं यंत्र आलं ते आण्णांमुळे. दौंडातल्या एका निवृत्त साहेबांच्या बंगल्यावर ते सुट्टीच्या दिवशी पंखा दुरुस्त करायला गेले होते. साहेबांची आई नुकतीच गेलेली. तिच्यासाठी साहेबांच्या मुलानं जर्मनीहून आणलेलं यंत्र कपाटात पडून होतं. आण्णांनी बहिणीची गोष्ट काढली आणि साहेबांनी डबी त्यांच्या हातात ठेवली. सिगारेटच्या पाकिटाएवढं ते यंत्र, त्यातून एक वायर, वायरीच्या टोकाला कानात बसणारा मणी. आत एक चपटा गोल सेल, पूर्वीच्या रुपयापेक्षा लहान पण जाड. तसाच दुसरा सेल जोडीला, आणि दोन्ही सेल भरायचा एक छोटा चार्जर. तसा सेल शिरूरच्या बाजारात मिळत नव्हता. पुण्यातही आण्णांनी दोन दुकानं पालथी घातली तेव्हा दुकानदारानं तो उलटसुलट करून बघितला आणि हे बटण कुठल्या कोटाचं, म्हणून विचारलं. म्हणजे होते ते दोनच, आणि संपले की पुन्हा पुन्हा भरायचे.

आत्याला पहिल्यांदा यंत्र लावलं तेव्हा ती काय म्हणेल म्हणून आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं मशीनचं चाक एकदा हातानं फिरवलं. मग म्हणाली, "मशीनला तेल घालायला झालंय." त्याच दिवशी तिनं आपल्या सगळ्या ब्लाउजना आतून यंत्राच्या मापाचा खिसा शिवला. पदर वरून घेतला, केस कानावर ओढले, की काही दिसायचं नाही.

अडचण एवढीच होती की शिरूरच्या घराला वीज नव्हती. खांब गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन थांबला होता. चार्जर कुठल्या तरी दुकानात ठेवावा असं आप्पांनी सुचवलं, पण आण्णांनी साफ नकार दिला. चार्जर क्वार्टरमधून हलणार नाही आणि त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. मग मी दर शनिवारी एसटीनं न्हावऱ्यावरून दौंडला जायची, संपलेला सेल आण्णांच्या हातात द्यायची, आणि रविवारी सकाळी भरलेला घेऊन परत यायची. आमच्या क्वार्टरमध्ये एकच प्लग होता. शनिवारी संध्याकाळी तिथला रेडिओ निघायचा आणि चार्जर लागायचा. माझे भाऊ त्यावरून आत्याचा राग करायचे. त्यांच्या आवडीचा कार्यक्रम नेमका शनिवारीच असे.

एक सेल आठ-दहा तास चालायचा, आणि दर आठवड्याला एकच भरून यायचा. म्हणून आत्या ऐकणं जपून वापरायची. सकाळी गिऱ्हाईक माप द्यायला यायचं तेव्हा थोडा वेळ. दुपारी बंद. संध्याकाळी मी मोठ्यानं धडा वाचायची तेव्हा पुन्हा थोडा वेळ, आणि तिला विज्ञानाचा धडा आवडायचा. आप्पा जेवताना तोंडानं आवाज करत, तेव्हा ती न चुकता बटण बंद करायची. माझ्या माहितीत काय ऐकायचं आणि काय नाही हे इतक्या शांतपणे ठरवणारं दुसरं माणूस झालं नाही.

आण्णांचा मात्र त्या सेलवर विश्वास बसत नव्हता. त्यांचा सगळा जन्म शिशाच्या बॅटऱ्यांत गेला. त्या बॅटरीत ॲसिड असतं, बॅटरी उतरली की ॲसिड पातळ होतं, काचेच्या नळीत ओढून घेतलं की तरंगता काटा बघून कळतं, किती भरलीय, किती उतरलीय. झाकण उघडायचं, पाणी घालायचं, म्हणजे बॅटरी माणसाशी बोलते असं ते म्हणत. हा सेल चहूबाजूंनी बंद. पाणी घालायला जागा नाही, नाक खुपसायला भोक नाही. "हिला इचारायचं कसं, भरलीस का म्हणून?" ते म्हणायचे. त्यांच्या शेडच्या फोरमननी त्यांना समजावलं की ह्यात एका बाजूला निकेल असतं, दुसऱ्या बाजूला कॅडमियम, आणि मध्ये ॲसिड नसतंच, त्याच्या उलट जातीचा क्षार असतो, कॉस्टिक पोटॅश. तो फक्त वाट देतो, स्वतः घट्ट-पातळ होत नाही. त्यामुळे झाकण असतं तरी तुमच्या काट्याला काही कळलं नसतं. हे ऐकून आण्णांचा सेलबद्दलचा आदर आणखी कमी झाला.

मग त्यांनी मीटर आणला. भरलेला सेल मोजला: एक पॉइंट दोन व्होल्ट. आत्यानं थोडा वापरलेला मोजला: एक पॉइंट दोन. पुष्कळ वापरलेला मोजला, तरी एक पॉइंट दोनच्या आसपासच. टॉर्चचा सेल उतरत उतरत पिवळा पडतो, माणसाला आधी कळवतो. हा शेवटपर्यंत तेवढ्याच ताकदीनं चालायचा आणि मग एकाएकी बसायचा. धडा वाचता वाचता मधल्याच शब्दावर आत्या हात वर करायची, म्हणजे समजायचं.

सुरुवातीला आण्णांनी आपल्या सवयीनं नियम घातला, की बॅटरी कधी पूर्ण उतरू द्यायची नाही, अर्धी झाली की भरायची. फोरमननी तोही मोडून काढला. हे सेल अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भरले तर त्यांना तेवढ्याच कामाची सवय लागते, आणि पुढं ते तेवढंच काम देतात, असं त्यांनी सांगितलं. मग उलटा नियम आला: पूर्ण संपल्याशिवाय सेल काढायचा नाही. आता इतक्या वर्षांनी, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर मला ठाऊक आहे, की त्या सवयीच्या गोष्टीत तथ्य थोडं आणि बोलबाला फार. पण तेव्हा आम्ही तो नियम धर्मासारखा पाळला, आणि पुढं जे झालं ते त्या नियमामुळेच तसं झालं.

ह्या सेलचा इतिहास मी पुढं नोकरीत असताना वाचला. एकोणिसावं शतक संपता संपता स्वीडनमधल्या एका माणसानं ही बॅटरी केली. त्यानं कॅडमियमच्या जागी लोखंडही घालून बघितलं होतं आणि ते बाजूला ठेवलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या शोधकानं तेच लोखंड उचललं आणि गाजावाजा केला. स्वीडनच्या माणसाच्या कारखान्याला आग लागली, पेटंटच्या भांडणांत त्याची दमछाक झाली, आणि कॅडमियम महाग म्हणून त्याच्या बॅटरीला कितीतरी वर्षं फारसं कुणी विचारलं नाही. त्याच्या बॅटऱ्या पोलादी डब्यांतल्या, मोठाल्या, झाकणाच्या. भरताना आत वायू होतो, तो बाहेर सोडावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात कुणाच्या तरी लक्षात आलं की कॅडमियमची बाजू थोडी जास्त ठेवली तर तो वायू ती आतल्या आत पिऊन टाकते, आणि मग डबी कायमची बंद करता येते. बंद करता आली म्हणून ती खिशात ठेवता आली, आणि खिशात ठेवता आली म्हणून शिरूरच्या एका ओसरीवर पोचली. कॅडमियम विषारी असतं हेही मी तेव्हाच वाचलं. आत्या तो सेल कधी कधी दाताखाली धरून दुसऱ्या हातानं खिसा उघडायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला आप्पांनी आत्यासाठी स्थळ आणलं. भांडगावच्या बाजूचे लोक. मुलगा बिजवर, पहिली बायको गेलेली, मूलबाळ नाही, थोडी जमीन. रविवारी दुपारी ते आले. मुलाचे मामा, पटका बांधलेले, आणि मुलगा किसन, पस्तिशीचा, धुतलेला पांढरा सदरा घालून. मी त्याच सकाळी भरलेला सेल घेऊन दौंडहून आले होते आणि तो पत्र्याच्या डबीत मशीनच्या फळीवर ठेवला होता. आत्याच्या यंत्रात आधीचाच सेल होता, शेवटाला आलेला. मी तिला खुणेनं विचारलं, बदलायचा का? ती म्हणाली, "संपल्याबिगर न्हाई काढायचा."

आप्पांनी पाहुण्यांना आधीच सांगितलं होतं की मुलीला ऐकू येत नाही. यंत्राचं सांगितलं नव्हतं. त्यात लपवाछपवी नव्हती. ते त्यांच्या ध्यानातच नसायचं, कारण ते बोलायला लागले की आत्या बहुधा यंत्र बंद करायची. त्या दिवशी मात्र ते चालू होतं. आत्यानं पोहे दिले, पाणी दिलं, पदर सावरून दाराशी बसली. किसन एकदा तिच्याकडे बघून खाली बघायला लागला. मामांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि आप्पांना म्हणाले, "रूप बरं हाय. आन् ऐकू येत न्हाई ते येका परीनं बरंच. घरात भांडान न्हाई."

 मी आत्याकडे बघितलं. तिचा चेहरा जसा होता तसाच होता.

मामांनी पोह्यांचा घास घेतला, आणि आवाज जराही खाली न करता म्हणाले, "आप्पा, येक सांगून ठेवतो, मागनं बोल नको. पहिली गेली म्हंजी वारली न्हाई..."

आणि आत्यानं हात वर केला.

मला कळलं. बाकी कुणाला काहीच कळलं नाही. मामा पुढं बोलतच होते, की ती माहेरी आहे, पाच वर्षांत पोर झालं नाही म्हणून घालवून दिलीय, कोर्टकचेरी काही नाही, हिला सांगायची गरज नाही, हिला कुठं ऐकू येतंय. आप्पांचा चेहरा उतरला. हे त्यांनाही नवीन होतं. ते म्हणाले, "सगुणे, आत जा." पण ते तिला ऐकू गेलं नाही. ती उठून मशीनपाशी गेली होती.

"मामा, जरा थांबा," ती मोठ्यानं म्हणाली. यंत्र चालू नसलं की तिचा आवाज चढा असायचा. "माझा सेल संपला."

तिनं ब्लाउजच्या खिशातून यंत्र काढलं, मागचं झाकण उघडलं, सेल बाहेर घेतला, पत्र्याच्या डबीतून दुसरा काढून पदराला पुसला. ओसरीवर सगळे तिच्या हातांकडे बघत बसले. मी रिकामी डबी उचलून तिचा पत्रा चाचपला. हे सेल उन्हात पडले की आपले आपणच उतरतात, आणि एसटीत ती डबी माझ्या मांडीवर, खिडकीच्या बाजूला, सगळा रस्ताभर तापत आली होती. आत्यानं झाकण लावलं, मणी कानात घातला, बटण फिरवलं. यंत्र बारीक शिटी वाजल्यासारखं कुंईं करून गप्प झालं. म्हणजे चालू झालं.

"हं," ती खाली बसत म्हणाली. "पहिली वारली न्हाई, इथवर ऐकलं. पुढं?"

मामांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी आप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आढ्याकडे.  शेवटी किसन बोलला. तोपर्यंत तो एक शब्द बोलला नव्हता.

"माह्यारी हाय. हौसा नाव तिचं. पोर न्हाई झालं म्हणून घरच्यांनी धाडली."

"आन् तुम्ही?"

"मी पोचवाया गेलो व्हतो."

"किसन्या, गप बस," मामा म्हणाले.

"तुम्ही दुसरी बघताय, हे तिला ठावं हाय का?" आत्यानं विचारलं.

किसननं मान हलवली. नाही.

"का न्हाई सांगितलं?"

"तिनं इचारलं न्हाई."

"ती इचारणार कशी? ती इथं हाय का?" आत्यानं कानातला मणी नीट बसवला. "मला ऐकू येत न्हाई म्हणून मला सांगायचं न्हाई. आन् ती हितं न्हाई म्हणून तिला सांगायचं न्हाई. मग सांगता कुनाला तुम्ही? आधी तिला जाऊन सांगा. तोंडावर. मग माझ्याकडं या."

किसन उठला. मामा लगेच उठले नाहीत, त्यांनी पोहे संपवले. टाकून जाणं बरं दिसलं नसतं.

पाहुणे गेल्यावर आप्पा चपला घालून मार्केट यार्डात निघून गेले, रविवार असून. आत्या मशीनवर बसली आणि यंत्र काढून तिनं फळीवर ठेवलं. झेंड्याच्या निळ्या कापडाला तिनं शिवण घातली, ती वाकडी गेली, उसवली, पुन्हा घातली, पुन्हा वाकडी गेली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "इमल, मला जायाचं व्हतं गं."

मी काही बोलले असते तरी यंत्र फळीवर होतं.

"बरा व्हता तो," ती म्हणाली. "सदरा कुनी शिवला व्हता कोण जाणे, खांदे उतरल्याले. मी नीट बसवले असते."

आप्पा त्यानंतर बरेच दिवस आत्याशी बोलले नाहीत.  पुढच्या आठवड्यात आण्णा दौंडहून आले, तेव्हा आप्पा त्यांना म्हणाले, "हे सगळं तुझ्या त्या डबीनं झालं."  आण्णांनी पिशवीतून मीटर काढला, आत्याच्या यंत्रातला सेल मोजला, आणि म्हणाले, "एक पॉइंट दोन. डबी ठीक हाय."  आप्पा स्वतःहून आत्याशी बोलले ते जयंतीच्या दिवशी. अंगात नवा सदरा होता, तिनंच शिवलेला. तिच्या समोर उभं राहून म्हणाले, "मला बी ठावं नव्हतं गं. खरंच नव्हतं." आत्याचं यंत्र तेव्हा बंद होतं. पण तिनं त्यांच्या ओठांकडे बघून मान डोलावली, आणि त्यांची कॉलर सरळ केली.

पावसाळा संपल्यावर एक बाई ओसरीवर आली. उंच, काळीसावळी, हातात कापडाची पिशवी. ब्लाउजचं माप द्यायचं म्हणाली. आत्या फीत घेऊन उठली, तेव्हा ती बाई म्हणाली, "मी हौसा. भांडगावकडची." आत्यानं तिच्या ओठांवरून नाव ओळखलं, फीत गळ्यात टाकली आणि बटण चालू केलं.

किसननं सांगितलं होतं. शिरूरहून गेल्यावर चार दिवसांनी तो सासुरवाडीला गेला आणि अंगणात उभं राहून सगळं सांगितलं, आत्याचं बोलणंसुद्धा. नंतर तो तिला परत न्यायलाही आला. ती दोन महिने नांदली. सासूनं तिला गोठ्यात झोपवलं, आणि किसननं त्याबद्दल आईला काही विचारलं नाही. तेव्हा ती आपली आपणच निघाली. "त्यांनी मला खरं सांगितलं, त्येवढं तुमच्यामुळं," ती आत्याला म्हणाली. "पण त्येवढ्यावर नांदनं व्हत न्हाई." माहेरी भावजय होती, तिथं किती दिवस राहायचं? तिला शिवण शिकायचं होतं.

आत्यानं तिचं माप घेतलं, ते ब्लाउजचं नव्हे. खुर्ची किती उंच लागेल ते बघितलं. दुसऱ्या दिवशी आप्पा शेजाऱ्यांकडून एक जुनी पायमशीन उचलून घेऊन आले आणि काही न बोलता ओसरीवर ठेवून गेले.

मी बारावी करून शिरूर सोडलं, पुढं पुण्याला गेले, नोकरीला लागले. सेल आणखी काही वर्षं टिकले. मग त्यांच्या कडेनं पांढरी भुकटी यायला लागली, एक फुगला, दुसरा भरल्यावर तासाभरात बसायला लागला. आण्णांनी तशा मापाचा सेल कुठं कुठं शोधला, मिळाला नाही. शिरूरच्या घरी वीज आली त्या वर्षी यंत्र बंद पडलं. पुढं मी आत्याला नव्या तऱ्हेचं यंत्र घेऊन देते म्हणाले, तर तिनं नको म्हणून सांगितलं. ऐकायचं तेवढं ऐकून झालं, म्हणाली. मी हौसाला विचारलं, तुमचं दोघींचं दुकान कसं चालतं मग? गिऱ्हाईक काय म्हणतं ते आत्याला कसं कळतं?

हौसाला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. त्या वेळी आत्याची पाठ आमच्याकडे होती आणि हौसाला तिला काहीतरी सांगायचं होतं. तिथनं हाक मारायला तिनं तोंड उघडलं नाही. हातातलं काम खाली ठेवलं, उठली, ओसरी ओलांडून पलीकडे गेली, आत्याच्या समोर जाऊन बसली, आणि मग बोलली.